समोरच्या भिंतीवरचं बाळ

मिरज,
जून १९९१

प्रिय रविराज,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आटपाडीला आलं तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारच्या शालूबाईनं ते इकडं मिरजेला पोचवलं. उत्तराला उशीर का झाला ते आधी सांगतो. आपल्या पल्लवीची पायल दवाखान्यात आहे. तार केली नाही, कारण तार म्हटलं की माणूस वाचायच्या आधीच खचतो, आणि तू मुंबईत एकटा. पण लिहायला बसलोय तर काही झाकत नाही. पोर अजून धोक्यात आहे. जुलाब थांबलेत, सलाइन चाललंय, पण वरचं काही पोटात ठरत नाही. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. डॉक्टरीणबाई म्हणतात, आईचं दूध परत सुरू झालं तर पोर तरेल.

परत सुरू झालं तर, हे वाचून तू थांबशील. फाल्गुनात बाळंत झाली तेव्हा पल्लवीला चांगलं दूध होतं. पोर पिऊन पिऊन झोपी जायची. तुझ्या आईनं हळीवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं केलं होतं. मग चैत्रात काय झालं कुणास ठाऊक, पल्लवी हिरमुसली. पोरीला उजेडात धरून सारखी बघायची. मनगट चाचपायची. एकदा मी मेंढरांचं पाणी बघून आलो तर मला विचारते, बापू, आमची पायल अशी किडकिडीत का दिसती? मी हसलो. म्हणालो, अगं, तुम्ही दोघं भावंडं तर सरड्यागत होता, आता बघ. तिला ते पटलं नाही.

पुढं ती धरूनच बसली की मला दूध पुरत नाही. तुझी आई समजावून थकली. फलटणहून धनाजीराव आले, त्यांना हिनं पावडरीचा डबा आणायला लावला. जावई बिचारे कारखान्याची पाळी चुकवून डबा आणि बाटली घेऊन हजर. बाटली लागल्यावर पोर अंगावर प्यायची कमी झाली, आणि प्यायची कमी झाली तसं दूध आटत गेलं. तुला तर माहीत आहे, आपल्याकडं वैशाखात पाणी म्हणजे टँकरचं. उकळायचं खरं, पण रडत्या पोरापुढं धीर कुणाला? डबा लवकर संपू नये म्हणून पल्लवी पावडर पातळ करायची, तेही आम्हाला इथं आल्यावर कळलं. जुलाब सुरू झाले तेव्हा गावातल्या गुंडाभाऊची जीप मिळाली म्हणून तासगावमार्गे इथवर पोचलो. सगळ्या वाटेत पोर रडली नाही. मला त्याचंच भ्या वाटत होतं.

इथली सिस्टर फार भली बाई आहे, जतकडची, बोलण्यात कानडी हेल. तिनं पल्लवीला विचारलं, दूध कमी आहे असं तुला सांगितलं कुणी? सासूनं? शेजारणीनं? पल्लवी म्हणाली, "कुणीच न्हाई सांगितलं. मला आपलं ठावंच हुतं." सिस्टर माझ्याकडं बघायला लागली. आमच्या घरात असं कुणीच बोललं नव्हतं. तुझी आई तर शपथ घ्यायला उठली.

मग मी कपडे-भांडी आणायला आटपाडीला गेलो. उन्हातून आलेलो, बाळंतिणीच्या खोलीत गार वाटलं म्हणून पल्लवीच्या बाजेवर जरा आडवा झालो. आणि डोळे उघडले तर समोर ते बाळ. तू दिवाळीला आणलेलं, तुमच्या कंपनीनं केलेलं कॅलेंडर. पल्लवी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली तेव्हा तुझ्या आईनं ते मुद्दाम तिथं लावलं होतं. पोटुशीनं उठल्याबरोबर गोंडस बाळाचं तोंड बघावं, तसंच लेकरू होतं, असं तुझ्या आईला तुझ्या आजीनं सांगितलेलं. बाळंतपण झालं, पण काढायचं कुणाला सुचलं नाही. गोरंपान, गालाला खळ्या, मांड्यांना वळ्या. कोपऱ्यात एवढासा पावडरीचा डबा. आईचं दूध कमी पडतं असं त्यावर कुठंही लिहिलेलं नाही. मी चष्मा लावून वाचलं, सगळं गोडच लिहिलंय. पण पल्लवी त्या बाजेवर पायलला मांडीवर घेऊन बसायची, खाली बघितलं की आपली, वर बघितलं की ती. सवा महिना ती त्याच खोलीत होती.

तेव्हा मला तुझी दिवाळीतली गोष्ट आठवली. ओट्यावर बसून तू मला तुझं काम समजावून सांगत होतास. "बापू, जाहिरात कुणी वाचत न्हाई. जाता-येता नुसती नजर पडली पायजे, मग मन आतल्या आत वाचतं." मला ते इतकं पटलं, कारण विट्याच्या स्टँडसमोर ज्या चहाची भिंत रंगवलीय तोच चहा मी दुकानात मागायचो, आणि मला वाटायचं आपली आवड. शनिवारच्या मेंढरांच्या बाजारात मी चारचौघांना अभिमानानं सांगत होतो, माझा लेक माणसाच्या मनात शिरतो म्हणून. तिथल्या दादासो व्यापाऱ्यानं टोमणा मारला, मग माझ्या मनातला बोकडाचा भाव त्याला विचार की.

कॅलेंडर मी उतरवलं. पल्लवीला अजून काही बोललो नाही. ती स्वतःलाच बोल लावतेय, त्यात भावाचं नाव तिच्या कानावर नको. बुजलेली मेंढी पान्हा चोरते, तशी ती आटलीय. सिस्टर दर थोड्या वेळानं पोरीला तिच्या छातीशी लावते. पोर दोनदा तोंड हलवते आणि सोडून देते. आम्ही सगळे भिंतीकडं तोंड करून बसतो, तिला ओशाळं वाटू नये म्हणून. आज सकाळी पायलच्या ओठांच्या कडेला पांढरं दिसलं. सिस्टरनं बोटानं पुसून बघितलं आणि म्हणाली, दूधच हाय. थेंबच होता. तुझी आई तोंडात पदर घालून बाहेर गेली.

आता तुझ्या पत्राचं. पुढच्या सालच्या कॅलेंडरावर आपलीच पायल यावी, साहेबांना विचारलंय, गुटगुटीत दिसेल असा फोटो लगेच पाठवा, असं तू लिहिलंयस. तू मायेनंच लिहिलंस, मला कळतं. तू ठेवून गेलेल्या कॅमेऱ्यानं धनाजीरावांनी काल दवाखान्यात फोटो काढला. आजारी पोराचा फोटो काढू नये म्हणून तुझी आई चिडली, तरी मी काढायला लावला. रोल इथंच धुवून घेतला, सोबत पाठवतोय. सलाइनची सुई, पायाच्या काड्या, सगळं दिसतंय. हा कॅलेंडरासाठी नाही. तू काम करतोस त्या टेबलासमोरच्या भिंतीवर लाव. मुद्दाम बघत बसू नकोस, जाता-येता नजर पडली तरी पुरे. मग पुढच्या सालचं काय करायचं ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही.

तुझाच,
बापू