वरणातली गोळी

अण्णा, परंड्याच्या तुमच्या दवाखान्यात आता मी बसते. खुर्ची तीच आहे, फक्त गादी बदलली. दारू सोडायला येणाऱ्यांना धाराशिवच्या मानसोपचाराच्या मॅडम महिन्यातून एकदा तपासतात, रोजची गोळी मी माझ्यासमोर गिळायला लावते. त्या गोळीवर दारू पोटात गेली तर ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, जिवावरही बेततं. म्हणून मॅडमचा एकच नियम आहे, माणसाला सांगितल्याशिवाय गोळी द्यायची नाही. त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी शहाण्यासारखी मान डोलावली.

मी नुकती डॉक्टर होऊन आले होते, तो बाजाराचा दिवस. तुम्ही दुपारीच पिऊन बसला होता आणि एका लेकराला मोठ्या माणसाचा डोस लिहून दिलात. मी चिठ्ठी बदलली, तर भरल्या दवाखान्यात ओरडलात, "लई शिकलीस व्हय? ऊठ इथनं!" संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुमच्याच कपाटातली हीच दारू सोडवायची गोळी कुटून तुमच्या वरणात कालवली. आई भाकरी थापत होती. तिनं पाहिलं आणि पुन्हा पिठात हात घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी दारू पिऊन तुम्ही मोरीपाशी लालबुंद होऊन बसलात, म्हणालात, "आता न्हाय वाचत म्या." मी तुमची नाडी धरून बसले होते. तुम्ही मरू शकता हे मला कळत होतं, का ते कळत होतं, आणि मी गप्प होते. तुम्ही वाचलात. पुन्हा थेंबाला शिवला नाहीत, आणि शेवटपर्यंत प्रत्येक पिणाऱ्याला ऐकवत राहिलात, "मन घट्ट केलं अन् सोडली. गोळी न्हाय, काय न्हाय." मी शेजारी बसून ऐकायचे. लाज वाटायची, नंतर तीही वाटेनाशी झाली.

तुमचे शर्ट शिवणारा टेलर दोन महिने रोज येत होता. हात थरथरायचे थांबले होते, मशीनवर बसायला लागला होता. सोमवारी तळहातावर गोळी घेऊन म्हणतो, "तुमच्या अण्णांनी गोळीबिगर सोडली, ताई. म्याच कच्चा हाय व्हय?" सगळं ओठांवर आलं होतं. "त्यांचं वेगळं होतं," एवढंच म्हणाले. त्यानं गोळी टेबलावर ठेवली, तुमच्या फोटोला हात जोडले आणि गेला.

आज गुरुवार. त्याचं दुकान उघडलेलं नाही. बायको सांगून गेली, पुन्हा प्यायला लागलाय. दुपारी मॅडमचा फोन आला, टेलर येतो ना रोज? मी म्हटलं, "येतो," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.