हातखंब्याच्या वळणावरची विडी

दादा,

मी मिरकरवाडा बंदरावर मासळीसाठी बर्फ बघायला जातोय. ट्रकचा इंजिन ब्रेक घाटात धरत नव्हता ना, त्याची धूर अडवणारी झडप काजळीनं उघडीच चिकटली होती. घासून मोकळी केली.

पण ट्रायलला गेलो, तर आपले आबा अपघातात गेले त्या हातखंब्याच्या वळणावर, ब्रेकच्या बटणावर पाय नसताना झडप आपोआप बंद झाली नि इंजिन थांबलं. सेल्फ मारून थकलो. तिथं आबांच्या नावाची विडी पेटवून ठेवायचो, ती तू खूळ म्हणून बंद केलीस. मी एक पेटवून केबिनमध्येच काचेपाशी ठेवली. कुणी झुरके घ्यावेत तशी ती फुलत संपली, आणि गाडी लगेच सुरू झाली.

बंडल नि काडेपेटी स्टेअरिंगपाशी ठेवलीय. ट्रक घेऊन जाताना वळणावर एक ठेवायला विसरू नको.

वारा असेल, म्हणशील. काचा बंद होत्या.

गजा