पाय मोकळे करायला

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा यांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. छापखाना बंद पडल्यापासून हे घरीच असतात – निदान माझी तशी समजूत होती. मी दिवसभर दुकानात लोकांचे कपडे उसवते, शिवते, आणि माझ्याच घरात हा चिखल येतो कुठून? विचारलं तर म्हणे, "पाय मोकळे करायला गेलो होतो." कुठल्या डबक्यात?

५ मार्च

नणंदेचा फोन. "वहिनी, दादाला नदीकडच्या बसमध्ये पाहिलं. चांगला भांग पाडून बसला होता. जरा लक्ष ठेव." म्हटलं, या वयात त्यांना कोण विचारतंय? ती हसली. मला काही हसू आलं नाही.

रात्री जेवताना यांच्या तोंडाकडे सारखं बघत होते. काही पत्ता लागेना. उलट यांनी मागून वाढून घेतलं. कित्येक महिन्यांनी!

८ मार्च, रविवार

गेले शेवटी मागोमाग. स्वतःचीच लाज वाटत होती, पण गेले.

हे शेवटच्या थांब्यावर उतरले आणि नदीकाठच्या राखीव जंगलात शिरले. सुट्टीची गर्दी – बाबागाड्या, सायकली, गळ्यात दुर्बिणी. झाडी संपली की दलदलीवरून लाकडी पूल जातो. तिथे हे दिसेनासे झाले. मी कठड्याशी उभी राहून खाली शोधू लागले. काय बघावं लागणार, कोण असेल सोबत...

आणि बघते तर हे खाली गुडघाभर पाण्यात! डोक्याला फडकं बांधून दोन्ही हातांनी जलपर्णी उपटतायत. सोबत आणखी चार-पाच जण. इथल्या रखवालदार बाई काठावरून सांगतायत, "काका, मुळासकट काढा. नुसती पानं नकोत." आणि हे निमूट ऐकतायत. घरात स्वतःचं ताट उचलायला सांगितलं तर ऐकू येत नाही!

मला हसू आवरेना. यांनी वर पाहिलं.

"तू इथे काय करतेस?"

"पाय मोकळे करतेय," म्हटलं.

९ मार्च

नणंदेला कळवलं – सवत सापडली, हिरवी आहे, पाण्यावर तरंगते.

किती दिवसांनी गाढ झोपले.

१५ मार्च

आज दोघं मिळून गेलो. यांनी साफ केलेला पाण्याचा तुकडा दाखवला. त्यात पाणकोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. "आधी इथे पाणीच दिसत नव्हतं," म्हणाले. मग बोलतच राहिले – बेडकांबद्दल, बाईंबद्दल, कुठे पाय रुततो त्याबद्दल. मी ऐकत होते. नवरा परत आल्यासारखं वाटलं.

२२ मार्च

परतताना थांब्यावर सहज विचारलं, पहिल्यांदा इथे कसे आलात?

यांनी चपलेचा चिखल दगडावर घासून काढला. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी घरी परत यायचं नव्हतं मला. पाण्यात उतरलो होतो. बाई काठावरून म्हणाल्या, उतरलाच आहात तर ती जलपर्णी जरा इकडे ढकलता का?"

"त्यांना कळलं होतं?"

"विचारलं नाही कधी."

मी त्यांचा हात धरला. बस आली. जाऊ दिली.