शालूताईचं ताट

निजामपुरा, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९८९

आई गेल्यापासून शालूताई गप्पच. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांसोबत खाणंही नीट द्या. नाचणीची भाकरी, मेथी, अंडं. महिनाभर तिचं ताट रिकामं परत येतंय, तरी ताई सुकतेच आहे. असं कसं?

आज दुपारी लाइट गेली, शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम थांबले, म्हणून तिचा आवाज बाहेर ऐकू आला. "आई, अजून एक घास." आत डोकावले तर ती समोरच्या रिकाम्या पाटाकडे घास धरून होती. खाली एक कणही सांडलेला नव्हता.

 मी जाऊन त्याच पाटावर बसले. "आईचं जेवण झालं, ताई. आता तू खा."

उरलेली भाकरी तिने खरंच खाल्ली. मग हळूच म्हणाली, "ऊठ आता. तिच्या मांडीवर किती वेळ बसशील?"