एक नाव जास्त

सोमवार, ५ ऑक्टोबर १९८७

लागली बाई एकदाची नोकरी! दसऱ्याचं सोनं वाटून तीन दिवस होत नाहीत तोच मी मरोळच्या कंपनीत रुजू झाले. औषधांच्या साठ्याच्या नोंदी ठेवणारा कॉम्प्युटर सांभाळायचा. युनिक्सवर चालतो, कपाटाएवढा आहे, आणि त्याला स्वतंत्र एसी खोली. आमच्या वाकोल्याच्या खोलीत पंखासुद्धा मनात येईल तेव्हा फिरतो.

बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. निघताना तिने हातावर दही ठेवलं आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, की कुंदा, साहेबांना उलट बोलू नकोस गं.

साहेब म्हणजे जयवंत साहेब. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण माणूस वाईट नाही. सकाळी मशीन सुरू होताना स्वतःची डिस्क तपासतं आणि कन्सोलवर प्रश्न विचारतं. आमचा कन्सोल टाइपरायटरसारखा आहे, विचारलेलं सगळं कागदावर छापतो. साहेबांचा नियम असा, की प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ दाबायचं, म्हणजे हो. वाचत बसायचं नाही, साडेनऊला आठही टर्मिनलवर मुली येऊन बसतात. मला काही हे पटलं नाही, पण पहिल्याच दिवशी शहाणपणा कशाला पाजळा?

माझ्याआधी हे काम कोण बघायचं, असं विचारलं. कोणी नाही, जागा नवीन आहे, म्हणाले. खुर्चीची उशी मात्र चांगली बसून बसून खोलगट झालीय.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

हात बसला. वाय, वाय, वाय. डेटा एंट्रीची रतन म्हणते, तू काय पेटी वाजवतेस का गं? तिच्याशी चांगलंच जमलंय. डबा आम्ही एकत्र खातो.

दुपारी गोंधळ. डिस्क भरली म्हणून मशीन अडून बसलं. फायली मोजल्या तर अर्धी डिस्क रिकामी! शेवटी जाडजूड पुस्तकात उत्तर सापडलं. फायलीचं नाव पुसलं तरी कोणी ती उघडून धरली असेल, तर ती जागा सोडत नाही. शेवटच्याने सोडली, की मग मात्र कायमची जाते. मला ही गोष्ट फार आवडली, का कोण जाणे.

धरून कोण बसलंय ते शोधलं. टर्मिनल नऊ. आमच्याकडे आठच आहेत. नववी केबल भिंतीच्या कडेने कपाटामागे गेली होती. ओढली, तर टोक हातात आलं. पुढे काहीच नाही.

साहेब म्हणाले, उद्या बंद करून चालू कर, सुटेल आपोआप.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

आज प्रश्नांची नुसती रांग लागली होती. धडाधड वाय दाबले. जागा सुटली. साहेब ‘झकास’ म्हणाले!

जेवताना रतन म्हणाली, शिवदासलासुद्धा इतक्या पटकन जमलं नसतं. कोण शिवदास, विचारलं तर हसायलाच लागली. म्हणे, पाच वर्षं त्याच खोलीत बसतो, आणि तू विचारतेस कोण?

नवीन आहे ना मी, घेतात फिरकी.

सोमवार, १२ ऑक्टोबर

फिरकी नाही.

मस्टरवर माझ्या नावाच्या वर शिवदासचं नाव आहे. सही आजची, शाई ओली. सगळे सांगतात, आत्ताच तर चहाला गेला. मला तो एकदाही दिसला नाही. खुर्ची तेवढी गरम लागते.

शुक्रवारचा कन्सोलचा कागद उलगडून वाचला. पहिल्यांदाच वाचला. इंग्रजीत छापलंय: बेवारस फाइल सापडली, मालक शिवदास, परत जोडू का? खाली माझं वाय. त्याच्या खाली: एक नाव जास्त झालं, एक कमी करू का? खाली माझं वाय.

कोणाचं, ते तिथे लिहिलेलं नाही.

मी घाबरलेय. खूप घाबरलेय.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

मशीन मला आत घेत नाही. या नावाचं कोणी नाही म्हणतं. मस्टरवरही नाही. जयवंत साहेब नम्रपणे म्हणाले, जागा भरलेली आहे, अर्ज ठेवून जा. रतनला हाक मारली. तिने वळून माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी डिस्कची नक्कल टेपवर घेऊन ठेवतो. गुरुवारच्या टेपवर मी आहे. ती परत चढवली, तर मी येईन. पण मग शिवदास जाईल. किती काळ असा पडून होता तो? त्यालाही आई असेल ना—

असू दे. मला माझी जागा परत हवीय.

बुधवार, १४ ऑक्टोबर, सकाळ

आईने डबा दिला. नावाने हाक मारली नाही. मुद्दाम थांबले दारात, तरी नाही.

म्हणजे त्या नाव पुसलेल्या फायलीसारखं आता तिनेच धरलंय मला. फक्त तिने.

साहेब यायच्या आत खोलीत शिरले. टेप लावली. फिरली, थांबली. कन्सोल खडखडला: कुंदा, एका ठिकाणी अजून उघडी. बंद करू का?

मी हात मागे घेतले. पाठीशी धरले दोन्ही. नाही, नाही म्हणून ओरडले—

कागदावर वाय उमटलं. मी नाही दाबलं. शेजारी लिहिलं होतं, टर्मिनल नऊ—

दुपार

धावत आले. चाळीच्या जिन्यात बसलेय. दार आईनेच उघडलं. कोण पाहिजे तुम्हाला, म्हणाली. ओळखीची एक रेघ नाही चेहऱ्यावर. किती प्रेमाने म्हणाली, उन्हातून आलात, बसा, पाणी आणते—

रडू आवरत नाही. तिला सगळं सांगायचं. जन्मापासूनचं—

आली. तांब्या घेऊन उभी आहे. विचारते, नाव काय हो तुमचं?

सांगते. आई, मी तुझी— माझं नाव