परक्या शाहिराची चौकशी

कराड, शनिवार, माघ, १९४३

आज चावडीपुढं एक परका शाहीर पोवाडा गाऊन गेला. स्वातंत्र्याचा पोवाडा, तोही भरदिवसा! हवालदार बाजूलाच उभा होता, तरी त्यानं अडवलं नाही. का अडवलं नाही? असलंच गाणं म्हटलं म्हणून तर माझ्या भावाच्या, दत्तूच्या मागं पोलीस लागलेत. तेव्हापासून तो उसात लपून राहतोय.

आणि तरी ऐकताना मी रडले. सगळीच माणसं रडत होती.

गाणं संपल्यावर शाहीर नेमका माझ्याकडं आला. "ताई, तुमचा भाऊ डफ लय झ्याक वाजवतो म्हणं. कुठं असतो? साथीला घ्यावा म्हंतो."

मी त्याची बहीण, हे याला कुणी सांगितलं? आणि तो हवालदार, आमच्याकडंच बघत होता की!

"फलटणला हाय, मामाकडं," मी म्हटलं. फलटणला आमचं कुणीच नाही.

आत्ता दिवेलागणीला पोलिसांची गाडी फलटणच्या रस्त्यानं गेली. म्हणजे संशय खरा होता.

दत्तूसाठी भाकरी थापायला बसले, तर तोंडात त्याच मेल्याचं गाणं. दोनदा गप्प झाले. पुन्हा येतंय.