दुसरी सही

मी, छू झाओलिन, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार निवृत्त सैन्याधिकारी वसाहत, बंगबू, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास शेजारी थान गुआंगयी यांना विचारावे. ते आजही बुद्धिबळात माझ्याकडून हरतात आणि दोष चष्म्याला देतात.

१. राहते घर मुलगी मिनरुई हिला द्यावे. मुलगा वेइतोंग याने हरकत घेऊ नये. माझ्या आजारपणात तो फोनवरून हजर होता. बँकेतील शिल्लक दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यावी.

२. सैन्य पक्षाच्या आज्ञेत का असावे, या विषयावरील माझी व्याख्याने छापू नयेत. त्यांतील युक्तिवाद मला आजही खोडता येत नाही. माझी हरकत त्याच्या वापराला आहे, आणि तो वापर मी केला.

रेजिमेंटचे कमांडर हेच थान होते. पक्षाच्या वतीने नेमलेला राजकीय अधिकारी मी. हुकमावर दोघांच्याही सह्या लागत. हुआई नदीचा बांध फुटला तेव्हा ट्रक चालू ठेवूनच थान माझ्याकडे आले. कागदावर त्यांची सही झालेली होती.

"गुरुजी, सही करा. लिऊवान गावातली माणसं छपरांवर चढलीत."

"आधी पक्षसमितीची बैठक. सभासद येईपर्यंत थांबा."

"छपरं थांबतील का तोवर?"

आणीबाणीत कमांडरने आधी निघावे व समितीला मागाहून कळवावे, असा नियम होता. तो मीच शिकवीत असे. तरीही वरून तसे जाहीर झाले नसल्याने ही नियमातली आणीबाणी नव्हे, हे मी मुद्देसूद सिद्ध केले. थान यांनी ट्रक बंद करायला लावले. बैठक झाली, ठराव एकमताने संमत झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा छपरे दिसत नव्हती.

नंतरच्या आत्मटीकेच्या सभेत उभे राहिले ते थान. राजकीय अधिकाऱ्यावर आवाज चढवल्याची चूक त्यांनी कबूल केली आणि मी, अध्यक्ष या नात्याने, ती कबुली समाधानकारक ठरवली. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

३. माझ्या देहावर पक्षाचा ध्वज पांघरू नये. वेइतोंग म्हणतो, "बाबा, लोकांना वाटेल तुम्ही पक्षावर रुसलात." मी रुसलेलो नाही. त्या दिवशी पक्षाने मला थांब म्हटले नव्हते. मी त्याचे नाव पुढे करून इतरांना थांबवले. त्याच्याआड पुन्हा लपणे नको.

४. बुद्धिबळाचा पट थान यांना द्यावा. साक्षीदार म्हणून त्यांनी सही करावी, ही विनंती. नकार दिल्यास कोणी कारण विचारू नये. जागा कोरी ठेवावी. सही दिल्यास तिचा अर्थ क्षमा असा मी लावणार नाही.

छू झाओलिन (सही)
बंगबू, १४ ऑक्टोबर २०१८

साक्षीदार:
होऊ पेइलान, परिचारिका, वसाहतीचा दवाखाना (सही)
थान गुआंगयी (सही). वाचलं. बैठक न बोलावता सही केली, गुरुजी.